ड्रायव्हरची जागा

ड्रोहेडा,
२९ ऑक्टोबर २०२०

ती. दादा,

नमस्कार. साष्टांग म्हणायची आपली रीत, पण माझे गुडघे आता कागदावरसुद्धा वाकत नाहीत, तेव्हा उभ्याउभ्याच घे. नंदिनीवहिनींनाही सांग. इथून भारताचं टपाल अजून बंद आहे, म्हणून मी लिहितो, आमचा पियूष पानांचे फोटो काढतो आणि तुमच्या स्वानंदीच्या फोनवर पाठवतो. स्वानंदी, आजोबांच्या उजव्या कानाकडून बस आणि सावकाश वाच. ह्या छोट्या आजोबांचं अक्षर लागलं नाही तर मनाचं काही घालू नकोस.

इकडे पुन्हा सगळं बंद झालंय. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. पियूषचं ऑफिस मार्चपासून वरच्या लहान खोलीतच भरतं. सूनबाई भार्गवी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाते, येते, दारातच कपडे बदलते, आणि तिचा चेहरा बघून मी काही विचारत नाही. स्वराली आठ वर्षांची झाली. मी मराठीत विचारतो, तिला सगळं कळतं, आणि उत्तर येतं, "आय'म ग्रँड, आजोबा." जेवलीस का, पडलीस का, शाळेत काय झालं, सगळ्याला ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. मलाही सवय लागली. कुणी विचारलं की मीही ग्रँड.

आता रणगाड्याचं. मागच्या पत्रात गडबडीत लिहिलं, त्यावर तू "मुरल्याला तिथे टँक कोण देतंय" म्हणालास म्हणे. तर ऐक. आमच्या घरामागून रस्ता चढत जातो, वर डोनल नावाच्या शेतकऱ्याचं शेत आहे. गेल्या नोव्हेंबरात, मी इथे येऊन दोनेक महिने झाले होते, फिरता फिरता त्याच्या गोठ्यातून तोफेची नळी बाहेर आलेली दिसली. मी कुंपणाशी उभा राहून "सेंचुरियन!" म्हणून ओरडलो. एकाहत्तरला तू चालवलीस तीच जात. नगरच्या पोराला ओळखायला काय लागतं! रेंजवर तोफ उडाली की आपल्या शाळेच्या खिडक्या थरथरायच्या आणि गुरुजी कडव्याच्या मध्येच थांबायचे, तोफेला वाट देऊन पुढची ओळ घ्यायचे. डोनल ट्रॅक्टरवरून उतरून माझ्याकडे आला. मला वाटलं हाकलतोय. त्याने विचारलं, "चहा घेणार?"

चौघा मित्रांनी मिळून तो गाडा इंग्लंडातून आणला होता, गंजलेला, इंजिन मेलेलं. भागीदारीचा कागद नाही. भागीदारी जागांवर आहे. आत चार माणसं बसतात म्हणून चार मालक, आणि ज्याची जी जागा ती त्याची. डोनल कमांडर. फिंटन, जन्मभर बसच्या गॅरेजात मेकॅनिक होता, तो गनर. जिम ड्रायव्हर. लोडर, म्हणजे तोफेत गोळे भरणारा, तो मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि जाताना डोनलच्या सांगण्यावरून त्याने ती जागा मला दिली. दुसऱ्याच्या जागेवर विचारल्याशिवाय बसायचं नाही. मोठं काही ठरवायचं तर चौघांनी आत आपापल्या जागी बसायचं, झाकणं लावायची आणि एकेकाने हो म्हणायचं. एकाचंही हो नसेल तर नाही. आणि कुणी गेला तर त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवायची, मग उरलेल्यांनी नवा माणूस घ्यायचा.

जिम एप्रिलात गेला. मयतीला दहाच माणसांना परवानगी. बाकीचं गाव रस्त्याच्या दोन्ही कडांना अंतर ठेवून उभं राहिलं आणि गाडी त्यांच्यामधून हळूहळू गेली. माझ्या वयाच्या माणसाला तेव्हा उंबरा ओलांडायची बंदी होती. मी खिडकीतून पाहिली. तेव्हापासून ड्रायव्हरच्या जागेवर जिमचे कातडी हातमोजे ठेवलेले आहेत.

नुकतीच खंडेनवमी झाली. मला राहवलं नाही. हळदकुंकू, उदबत्ती, नारळ घेऊन गेलो. झेंडू कुठला, जिमच्या बायकोने, नोरीनने, कुंपणावरून डेलियाची फुलं दिली. पट्ट्याखाली लिंबू ठेवलं, पुढच्या पत्र्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. डोनलने आदल्याच दिवशी तिथे करडा अस्तराचा रंग मारून ठेवला होता आणि तो वाळला नव्हता. कुंकू आत मुरलं. फिंटन सात किलोमीटरवर राहतो, त्याला येता येत नाही, म्हणून डोनलने फोन लावून त्याला दाखवलं. त्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग म्हणाला, "हे कुठल्या सैन्याचं चिन्ह?" म्हटलं, आमच्या घरचं. वर हिरवा रंग दिला तरी ते लाल उमटत राहणार असं तो म्हणतो.

विमानं अजून धड नाहीत. दिवाळीला येणं दिसत नाही. ख्रिसमसनंतर बघू. माझ्या खोलीला तू रंग दिलास असं कळलं. त्याचा वास तर जाऊ दे.

रोज गोठ्यापर्यंत चढून जातो. वाटेत दोन बाक आहेत, दोन्हींवर बसतो. नदी छान दिसते.

तुझा धाकटा,
मुरली


ड्रोहेडा,
१४ फेब्रुवारी २०२१

ती. दादा,

नमस्कार. तुझा निरोप मिळाला. एवढ्या लांब पत्राला तुझं उत्तर दोन शब्दांचं, "येणार कधी?" आपल्या घरात सगळे शब्द माझ्या वाट्याला आले आणि मुद्दा तुझ्या.

येतो रे. लस मिळू दे. इथे वयाप्रमाणे बोलावतात, माझा नंबर पुढच्या महिन्यात असावा. जानेवारी फार वाईट गेला. भार्गवी सलग कामावर होती, एकदा जेवताना ताटावरच झोपली. स्वराली खोलीत बसून शाळा करते. मी तिला एक कविता शिकवायला घेतली होती, साधी, आपल्या चौथीच्या पुस्तकातली. तिने पाठ केली, चालीवर म्हणून दाखवली, आणि मग इंग्रजीत विचारलं, "पण आजोबा, ही म्हणायची कुणाला?" आपण कुणाला म्हणायचो? मी तुला म्हणायचो. तू विहिरीवर अंगाला साबण लावत असायचास आणि मी चुकलो की तांब्याने पाणी मारायचास. शाळा सोडून पलटणीत गेलेला माणूस, पण माझी चूक कधी सुटली नाही तुझ्या हातून.

उजाडतं उशिरा, मावळतं लवकर. ह्या उजेडाला काही म्हणावंसं वाटत नाही, कवितासुद्धा. दुपारी वर जातो. मला काम दिलंय पट्ट्याच्या कड्या घासायचं. तारेच्या ब्रशने गंज काढायचा, तेल लावायचं, पुढची कडी. शंभरावर कड्या आहेत, शेवटची होईस्तोवर पहिलीला पुन्हा तांबूस येऊ लागतं. हे काम संपावं असं मला वाटत नाही. डोनल मधूनमधून येऊन माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "मर्ली, दमलास, बस." मी म्हणतो, ग्रँड.

एक बातमी राखून ठेवली होती. एप्रिलात जिमचं वर्ष भरतं. ड्रायव्हरच्या जागेसाठी मी तुझं नाव सुचवलं.

हसू नकोस. सुट्टीवर आलास की अंगणात बाज पुढे ओढून बसायचास, दोन हातांत दोन लाटणी, डावं ओढलं की गाडी डावीकडे, उजवं ओढलं की उजवीकडे. आई लाटण्यांसाठी ओरडायची. मी पाठीशी उभा. मला तू एकदाही बसू दिलं नाहीस, "ड्रायव्हर एकच असतो" म्हणायचास. हे सगळं मी डोनलला सांगितलं. तो म्हणाला, "युअर मॅन इन नगर, तो येऊन चालवेल?" इथे कुणाचंही नाव घ्यायचं नसलं की युअर मॅन म्हणतात, त्यात आपलेपणा असतो. मी सांगितलं, येईल. फिंटनने फोनवरूनच हो म्हटलं. आत बसून झाकणं लावून ठरवायला हवं होतं, पण सध्या दोन माणसांत दोन मीटर अंतर लागतं आणि आतली सगळी जागाच तेवढी. म्हणून ह्या खेपेस डोनल आणि मी गोठ्याच्या दारात लांब लांब उभे, फिंटन फोनवर, असं ठरलं. नियम मोडला, त्याची चुटपूट फिंटनला अजून आहे.

तर ड्रायव्हरची जागा तुझी. उन्हाळ्यात ये. पियूष सगळं बघेल. मग परत जाताना मीही बरोबर येईन, म्हणजे दोन्ही कामं होतील.

भार्गवीने माझ्या काही तपासण्या करून घेतल्या. इथे सगळ्यांच्याच करतात.

तुझा धाकटा,
मुरली


ड्रोहेडा,
२ मे २०२१

स्वानंदी,

हे वाचून दाखवू नकोस. आजोबांच्या उशाखाली नुसतं ठेव. तुझा सकाळचा आकडा वाचला, ऑक्सिजन एक्याण्णव. पालथं झोपव, भार्गवी म्हणते. मशीन मिळालं हे फार झालं. वहिनींना जेवायला घाल, त्या जेवायच्या नाहीत.

दादा, जिमचं वर्ष झालं. नोरीनने चर्चमध्ये त्याच्यासाठी मेणबत्ती लावली आणि शेजारी एक तुझ्यासाठी. आज मी वर गेलो आणि ड्रायव्हरच्या झाकणावर खडूने तुझं नाव लिहून आलो. पाऊस लागू नये म्हणून डोनलने त्यावर पोतं टाकलंय.

उठ.

मुरली


ड्रोहेडा,
१९ जून २०२१

ती. दादा,

हे पत्र खऱ्या टपालाने येतंय. पियूषला वाचायला दिलेलं नाही आणि पाकिटावर फक्त तुझं नाव आहे. स्वानंदीला सांग चष्मा काढून दे आणि तू बाहेर जा. अक्षर मोठं काढतोय. हळूहळू वाच, दमलास की थांब. मीही थांबत थांबतच लिहितोय.

आधी तुला आवडेल ते. इंजिन लागलं. तुला फोनवर ऐकवलं खरं, पण तुला निम्मंच ऐकू आलं असणार. फिंटन मेच्या मध्यापासून रोज येत होता. त्या सकाळी त्याने बॅटऱ्या जोडल्या, आत उतरला, आणि पहिल्यांदा नुसतं खोकला आल्यासारखं झालं. मग धूर. डोनलच्या गाई शेताच्या पार टोकाला पळाल्या. मग एकदम पकडलं, आणि दादा, जमीन बोलायला लागली. मला काय सुचावं? भुजंगप्रयात! लगागा लगागा लगागा लगागा. मी मोजू लागलो. तिसऱ्या गणात एक गुरू गळत होता. मी फिंटनला ओरडून म्हटलं, एक अक्षर कमी पडतंय. तो म्हणाला, "कसलं अक्षर रे, एक प्लग मेलाय." त्याने तो बदलला आणि चरण पुरा झाला. मी तिथेच दोन ओळी केल्या:

रिकामीच जागा कुणाची अजूनी
कुणी हाक मारी मला ये म्हणूनी

तुला ऐकवल्या तेव्हा तू म्हणालास, "कविता पुरे. पाय कोणाचा आहे ॲक्सिलरेटरवर? थंड गाडीला रेटू नका म्हणावं." मी सांगेपर्यंत फिंटनने तुझा आवाज ऐकूनच पाय उचलला होता. शब्द कळला नाही, सूर कळला. "कोण तो?" म्हणाला. मी सांगितलं, ड्रायव्हर. तेव्हा तो जागेवरून उठला आणि टोपी काढून बाहेर आला. तुझ्या जागेवर न विचारता बसला होता ना.

त्यानंतर तू फोनवर विचारलंस, "आणि तू?" मी फोन फिंटनच्या हातात दिला. त्याला मराठी येत नाही, तुला त्याचं इंग्रजी समजत नाही. दोघं बराच वेळ एकमेकांना हॅलो हॅलो करत होतात. मी गोठ्यामागे जाऊन उभा होतो.

दादा, माझ्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही. फेब्रुवारीतल्या तपासण्या सगळ्यांच्या नव्हत्या, माझ्याच होत्या. मला ते आधीच जाणवत होतं. भार्गवीने मला स्वयंपाकघरातला नळ अर्धा बंद करून दाखवला, असं झालंय बाबा. चिरायचं की नाही ह्यावर डॉक्टरांचं अजून चाललंय, वय बघून कचरतात. मात्र लांबचं विमान नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं. मी विचारलं, कधीपर्यंत नाही? ती डॉक्टर तरुण मुलगी आहे. तिने खुर्ची पुढे घेतली आणि माझ्या हातावर हात ठेवला. इथे हल्ली कुणी कुणाच्या हातावर हात ठेवत नाही. त्यावरून समजलो.

माझी सुलेखा गेली तेव्हा तू स्मशानातून येताना म्हणाला होतास, आता माझ्याकडे चल, खालची खोली तुझी. मी म्हटलं, सहा महिने पोराकडे काढून येतो. तू खोलीला रंग दिलास, कमोड बसवलास, खिडकी खाली घेतलीस, मला पडल्यापडल्या चिंच दिसावी म्हणून. सगळं मला कळत होतं आणि मी लिहीत होतो, विमान, लस, रणगाडा. खोटं लिहिलं नाही, पण खरं मागे ठेवून लिहिलं. स्वानंदी वाचते, तिच्या तोंडून तुला हे ऐकू नये असं वाटलं. आणि तुझ्या आजारात लिहायचं तरी कसं?

आता दुसरं. डोनलचं कंबरेचं हाड बदललंय, त्याला शेत झेपत नाही. मुलीच्या हातात द्यायचंय आणि तिला वासरांसाठी तो गोठा हवा. इथल्या उत्तरेच्या बॉर्डरपलीकडचा एक माणूस गाडा घ्यायला तयार आहे. त्याच्याकडे आणखी दोन आहेत, म्हणजे एकटा पडायचा नाही. पण चौघांचं हो लागतं, आपापल्या जागेवर बसून. ड्रायव्हरच्या जागेवर तू आहेस. मीच तुला बसवलं. तू येऊन बसशील असं सगळ्यांना मी सांगितलं, आणि आता हे लोक तुझी वाट बघत थांबलेत. डोनल लंगडत येतो, वासरं पावसात उभी असतात, पण मला कुणी एक शब्द बोलत नाही. नुसतं विचारतात, "युअर मॅन कसा आहे? चालायला लागला का?"

तुझी फुप्फुसं अशी, माझं हे असं. तू इथे येणार नाहीस. मी तिथे येणार नाही. हे वाक्य लिहायला मला चार महिने लागले.

जागा सोड, दादा. एवढंच मागायचं होतं. सोडली म्हणून दोन शब्द पाठव, तुझे नेहमीचे.

तुझा धाकटा,
मुरली


ड्रोहेडा,
२२ ऑगस्ट २०२१

ती. दादा,

स्वानंदी, हे पत्र मोठ्याने वाच. शेजारी ऐकू गेलं तरी चालेल.

दादा, तुझं पत्र पोचलं. दोन शब्द मागितले होते आणि तू कॅलेंडरचं पान मागच्या कोऱ्या बाजूने भरून पाठवलंस. माझ्या आयुष्यात तुझ्या हातचं एवढं लांब काही आलेलं नाही. मी ते पहिल्या बाकावर बसून उघडलं, दुसऱ्या बाकावर बसून परत वाचलं. तू लिहिलंस, "मुरल्या, तू येत नाहीस हे मला दिवाळीपूर्वीच कळलं होतं. दोन बाकांवर बसतो म्हणालास, नदी दिसते म्हणून. नदी बघायला तू कधी बसला होतास? तू चालता चालता कविता म्हणणारा माणूस. खोलीत स्वानंदी अभ्यासाला बसते. रंगाचा वास केव्हाच गेला."

मी इतके महिने कुणापासून लपवत होतो?

पुढचं मात्र थांबत थांबत वाचलं. तू म्हणतोस घरात सगळ्यांना कळलं तरी हरकत नाही आता, म्हणून तुझे शब्द इथे पुन्हा लिहितो, माझ्याच हाताने एकदा लिहावेसे वाटतात. "एकाहत्तरला मी ड्रायव्हर नव्हतो. लोडर होतो, तू आहेस तसा. गोळा लागला तेव्हा आमचा ड्रायव्हर जागेवरच राहिला. त्याला झाकणातून वर काढला आणि मी उतरून बसलो. सीट गरम होती. गाडी कशी आणली ते विचारू नको. त्यानंतर मला ड्रायव्हरच केलं. लाटणी घेऊन बसायचो ते तुला दाखवायला नाही, हात विसरू नयेत म्हणून. तुझे मित्र वर्षभर जागा रिकामी ठेवतात, चांगली माणसं आहेत. आम्हाला तेवढा वेळ नव्हता. जागा रिकामी ठेवली असती तर तिघं परत आलो नसतो. मी जागा सोडत नाही. माझ्या जागी तू बस. लोडरची मला दे, ती माझीच आहे."

अंगणात तुझ्या पाठीशी उभा राहून मी पन्नास वर्षं काय बघत होतो, दादा?

आता ऐक काय झालं. मागच्या आठवड्यात शनिवारी बॉर्डरपलीकडचा तो माणूस लांब ट्रेलर घेऊन आला. त्याला बाहेर उभं केलं आणि आम्ही तिघं आत शिरलो. सगळ्यांच्या दोन दोन लसी झालेल्या, तरी तोंडाला मास्क. फिंटन म्हणाला, "आत कुणी खोकलं तर तिथल्या तिथे लिलाव." नोरीन खाली उभी होती. मी ड्रायव्हरच्या झाकणाशी गेलो तेव्हा तिने जिमचे हातमोजे उचलून माझ्या हातात घातले, लहान पोराला घालतात तसे, एकेक बोट. मला आत उतरवायला दोन माणसं लागली. बसलो. गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन दांडे. लाटण्यांपेक्षा थंड.

झाकणं लागली. अंधारात तेलाचा वास, आणि खरं सांगतो, कुठूनसा उदबत्तीचाही. वरून डोनलचा आवाज आला.

"गनर?"

"आय," फिंटन म्हणाला, म्हणजे हो.

"ड्रायव्हर?"

मी म्हटलं, "हो." मराठीतच निघालं.

मग तो थांबला. लोडरच्या जागेवर कुणी नव्हतं. मी तुझं पत्र आदल्या दिवशी त्यांना इंग्रजीत सांगितलं होतं, जमलं तेवढं. तरी विचारायची पद्धत म्हणून त्याने विचारलं, "लोडर?"

मी म्हटलं, "लोडर नगरला आहे. त्याचं हो आलेलं आहे."

मग डोनल म्हणाला, "कमांडरचंही हो," आणि त्याने नाक शिंकरलं.

गाडी बाहेर मीच काढली. फिंटनने इंजिन लावून दिलं आणि पुढे उलटा चालत हातांनी खुणा करत राहिला. पहिला क्लच मी असा सोडला की डोनल वर कुठेतरी आपटला आणि त्याने जे म्हटलं ते स्वानंदीला वाचायला लावत नाही. तुला मात्र फार बरं वाटलं असतं. गोठ्यापासून ट्रेलरपर्यंत, अंगण ओलांडण्याएवढंच अंतर. डावा दांडा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. पन्नास टन लोखंड, दादा, आणि ते माझं ऐकत होतं. छातीत धडधडत होतं ते कुठलं आणि इंजिनाचं कुठलं हे कळत नव्हतं, म्हणून मी दोन्हीकडे लक्ष दिलं नाही. ट्रेलरवर चढवायचं काम फिंटनने केलं. तिथे मी उठून त्याला जागा दिली. त्याने आधी विचारलं.

नव्या मालकाने पुढच्या पत्र्यावरून हात फिरवला. हिरव्या रंगाखालून ते कुंकू उमटलेलंच आहे, आता पुसट विटकरी. त्याने विचारलं, हा गंज का? फिंटन म्हणाला, "नाही. ते घासायचं नाही."

त्यानंतर दोन दिवस झोपून काढले. भार्गवी पहिल्यांदा रागावली, मग माझ्या नखांतलं ग्रीस काढत बसली. ऑपरेशनचं पुढच्या महिन्यात कळेल. कळलं की तसंच्या तसं लिहीन, मागे काही ठेवणार नाही.

काल वर गेलो होतो. गोठ्यात वासरं आली आहेत. जिथे पट्टे होते तिथे दोन लांब काळे डाग आहेत आणि एक वासरू त्यावर बसलं होतं. येताना दोन्ही बाकांवर बसलो. नदी दिसते खरी, पण तेवढी काही नाही.

आज नारळी पौर्णिमा. वहिनींच्या हातचा भात होईल तुमच्याकडे. तू खा, पोटभर खा. खिडकीखालच्या चिंचेला ह्या साली किती धरलंय ते स्वानंदीकडून कळव.

तुझा ड्रायव्हर,
मुरली